कागदावरचं अ‍ॅव्हरेज, रस्त्यावरचं अ‍ॅव्हरेज

माझ्याकडे एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची, लांबट, किराणा दुकानदार उधारी लिहितात तशी. मी कवितेचा माणूस, त्यामुळे घरी येणाऱ्याला वाटतं, जुन्या कवितांची वही असेल. तिच्यात एकही कविता नाही. आकडे आहेत. तारीख, पंपाचं गाव, किलोमीटर, लिटर आणि शेवटच्या रकान्यात भागाकार. ही वही माझ्या वडिलांची. त्यांना आम्ही अब्बा म्हणत असू.

अब्बा मिरजेत एका व्यापाऱ्याच्या डिझेल व्हॅनवर ड्रायव्हर होते. मोसमात तासगावची द्राक्षं मुंबईला न्यायची, लग्नसराईत वऱ्हाडं वाहायची आणि वर्षातून दोन-तीनदा यात्रेकरू. यात्रेला निघताना गाडीची मागची बाकं काढत आणि सतरंज्या अंथरत. स्टोव्ह, पाण्याचा पिंप, पिठाचा डबा, भांड्यांचं पोतं आत जाई आणि टपावर वळकट्या. पंढरपूर, तुळजापूर, गुलबर्ग्याचा उरूस, कुठेही जा, आठ दिवस ती गाडीच घर. बायका आत निजत, पुरुष गाडीखाली. ‘कॅम्पर व्हॅन’ हा शब्द आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हता, पण ती वस्तू आमच्या ओळखीची होती.

१९८३ सालची गोष्ट. मालकाला गाडी विकताना दलालानं सांगितलं होतं, चौदाचं अ‍ॅव्हरेज देईल. मालकाच्या डोक्यात चौदा पक्कं बसलं. अब्बांचा हिशोब मात्र कधी अकरा, कधी त्याच्याही खाली यायचा. मिरज ते पुणे साधारण दोनशे चाळीस किलोमीटर. चौदानं धरलं तर सतरा लिटर लागायला हवेत, लागायचे बावीस. मधले पाच लिटर कुठे जातात? हायवेवरच्या ढाब्यांवर ड्रायव्हर टाकीतून डिझेल काढून विकतात, हे मालकानं ऐकलेलं होतं. एक दिवस त्यानं चारचौघांत विचारलं, “ड्रायव्हर, पाच लिटर रोज कोण पितंय?”

अब्बांनी एवढंच म्हटलं, “शेठ, तुमचा माणूस शेजारी बसवा.” मालकानं आपला पुतण्या पाठवला. मिरजेत टाकी गळ्यापर्यंत भरली. कऱ्हाड, सातारा, खंबाटकीचा घाट, कात्रजचा घाट. पुण्यात माल उतरवून परत. मिरजेत त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरली. भागाकार आला दहा पूर्णांक आठ. पुतण्यानं तो आकडा स्वतःच्या हातानं वहीत लिहिला. मालक “ठीक आहे” म्हणाला आणि विषय संपला. माफी वगैरे काही नाही. अब्बा मात्र त्यानंतर जी गाडी चालवतील तिचा प्रत्येक थेंब लिहीत राहिले, शेवटपर्यंत.

श्रोतेहो, आज मला या आकड्याविषयी बोलायचं आहे. गाडीचं कागदावरचं अ‍ॅव्हरेज वेगळं आणि रस्त्यावरचं वेगळं, हे आपण सगळे जाणतो. पण हे अंतर कुठून आलं, किती जुनं आहे आणि त्याची किंमत कोण मोजतं, याचा इतिहास आहे. तो मला सापडला जर्मनीत, एका चालत्या घरात.

माझा भाचा हॅनोव्हर शहरात नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी त्याच्याकडे गेलो. त्यानं एक डिझेल कॅम्पर व्हॅन भाड्यानं घेतली. आत दोन पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी. आम्ही दक्षिणेला निघालो. पहिल्याच पंपावर मी म्हणालो, टाकी पुरी भर आणि किलोमीटर सांग. भाचा हसला. “मामू, हिशोब कशाला? पडद्यावर येतोय ना.” मी अब्बांची सवय सोडली नाही.

हॅनोव्हर हे अशा गाड्यांचं माहेरघर म्हणायला हरकत नाही. १९४७ सालच्या एप्रिलमध्ये बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्यानं आपल्या टिपणवहीत एका डबेवजा गाडीचं रेखाटन केलं. त्यावरून फोक्सवॅगननं १९५० मध्ये आपली व्हॅन बाजारात आणली आणि १९५६ पासून ती हॅनोव्हरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. पहिल्या व्हॅनचं इंजिन मागच्या बाजूला, हवेनं थंड होणारं, जेमतेम पंचवीस अश्वशक्तीचं. १९५१ मध्ये वेस्टफालिया या कंपनीनं त्या व्हॅनमध्ये बसवायची ‘कॅम्पिंग बॉक्स’ तयार केली. दिवसा कामाची गाडी, सुटीत घर. युद्धानं मोडलेल्या देशातल्या मध्यमवर्गाला हॉटेल परवडत नव्हतं, त्याला ही सोय मिळाली. सतरंजी आणि स्टोव्हचीच कल्पना, फक्त सुताराच्या हातून गेलेली.

इथे एक आपल्याकडचा धागा आहे. आपण ज्याला ‘टेम्पो’ म्हणतो, तो शब्द मुळात हॅम्बुर्गच्या व्हिडाल अँड झोन या कंपनीच्या गाड्यांचं नाव. या कंपनीनं १९४९ मध्ये ‘मॅटाडोर’ नावाची गाडी काढली आणि तिला इंजिन होतं फोक्सवॅगनचं. फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन आल्यावर हा पुरवठा थांबला. हॅम्बुर्गच्या याच कंपनीच्या सहकार्यानं फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू केली. पुढे आकुर्डीहून डिझेलची मॅटाडोर निघाली आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचली. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. कंपनीचं नाव बदललं, पण आपल्या बोलण्यातला टेम्पो तसाच राहिला. अब्बांची गाडी कोणत्या कंपनीची, ते मी सांगत नाही. दोष गाडीचा नव्हताच.

आता डिझेलकडे येऊ. आम्ही दुसऱ्या दिवशी ऑग्सबुर्गला पोचलो. रुडॉल्फ डिझेल या माणसाचा जन्म १८५८ मध्ये पॅरिसचा. आईवडील जर्मन. १८७० च्या युद्धात कुटुंबाला फ्रान्स सोडून लंडनला जावं लागलं आणि बारा वर्षांच्या मुलाला शिकायला ऑग्सबुर्गला पाठवण्यात आलं. मोठेपणी त्याच्या मनात एकच गोष्ट होती. वाफेचं इंजिन कोळशातली बहुतेक उष्णता वाया घालवतं, चांगल्यात चांगलं इंजिनसुद्धा दहा टक्क्यांच्या आसपासच काम काढतं. ही उधळपट्टी थांबली पाहिजे.

त्याची युक्ती सांगायला सोपी आहे. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण अनुभवलेलं असतं. हवा दाबली की तापते. ती इतकी दाबायची, की तिच्यात इंधन सोडताच ठिणगीशिवाय पेट घ्यावा. १८९३ मध्ये त्यानं यावर पुस्तक लिहिलं, पेटंट मिळवलं आणि ऑग्सबुर्गच्या यंत्र कारखान्यात प्रयोग सुरू केले. पुस्तकात त्यानं ज्या दाबाची कल्पना केली होती, तो प्रत्यक्षात गाठता येईना. तो पुष्कळ खाली आणावा लागला. म्हणजे कागद आणि लोखंड यांतलं अंतर या इंजिनाच्या जन्मापासूनच आहे.

पण डिझेलची एक गोष्ट मला फार आवडते. आपल्या इंजिनाचा आकडा त्यानं स्वतःच जाहीर करून भागवलं नाही. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मॉरित्झ श्र्योटर यांनी त्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. निकाल आला २६.२ टक्के. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. मालकाचा माणूस शेजारी बसवून मोजणं, ते हेच. पुढे १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून डिझेल रात्रीतून नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात त्याचा मृतदेह सापडला. ऑग्सबुर्गच्या एका बागेत त्याच्या स्मरणार्थ मोठमोठ्या शिळा मांडलेल्या आहेत. त्या १९५७ मध्ये जपानच्या यानमार कंपनीचे संस्थापक यामाओका यांनी दिलेल्या. आम्ही त्या शिळांपाशी बसून डबा खाल्ला.

डिझेलचं हे इंजिन जड, आवाजी आणि धूर ओकणारं. ते आधी कारखान्यांत आणि जहाजांत गेलं, १९२० च्या दशकात ट्रकमध्ये आलं. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझनं २६० डी ही डिझेलची मोटार आणली. तिला शंभर किलोमीटरला साडेनऊ लिटर लागत, तिच्या पेट्रोलवाल्या बहिणीला तेरा. टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली. ज्याचं पोट मीटरवर आहे, तो इंजिनाचा आवाज ऐकत नाही, पंपाचं बिल बघतो.

चालत्या घरांत मात्र डिझेल उशिरा शिरलं. त्याला कारण झालं तेलाचं संकट. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारीपर्यंत बाराच्या घरात गेला. पश्चिम जर्मनीत २५ नोव्हेंबरपासून चार रविवार खासगी गाड्यांना रस्त्यावर यायला बंदी झाली. त्या मोकळ्या महामार्गांवर माणसं सायकली घेऊन फिरली. सुटीच्या दिवशी घर घेऊन हिंडणाऱ्यांना त्या रविवारांनी पहिल्यांदा हिशोब करायला लावला.

फोक्सवॅगननं १९७६ मध्ये आपल्या गोल्फ या छोट्या मोटारीत डिझेल इंजिन बसवलं आणि १९८१ मध्ये १.६ लिटरचं डिझेल इंजिन आपल्या तिसऱ्या पिढीच्या व्हॅनमध्ये. ताकद किती? पन्नास अश्वशक्ती. छोट्या मोटारीचं काळीज आणि अंगावर पलंग, ओटा, फ्रीज, पाण्याची टाकी, चार माणसं. चढाला ट्रकही मागून दिवे दाखवत. पण पेट्रोलवर सात-आठ किलोमीटर जाणारी तीच व्हॅन डिझेलवर लिटरला दहा-अकरा जाऊ लागली. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकलो. दहा पूर्णांक आठ. मिरज-पुणे-मिरज. त्याच काळातली, तशाच बांध्याची, तशीच लादलेली गाडी. अब्बा खोटं लिहीत नव्हते, हे मला ठाऊक होतंच. पण हॅनोव्हरची गाडीही साक्षीला उभी राहिली.

मग कागदावर चौदा कुठून येतात? यालाही इतिहास आहे. जर्मनीच्या जुन्या मानकात गाडी सपाट रस्त्यावर एका स्थिर वेगानं पळवत, लागलेलं इंधन मोजत आणि त्यात दहा टक्के भर घालत. ही दहा टक्क्यांची भर म्हणजे एक प्रकारे कबुलीच होती, की रस्ता असा नसतो. पुढे ताशी ९० किलोमीटर, ताशी १२० आणि शहरातला प्रवास असे तीन वेगळे आकडे देऊ लागले. साहजिकच विकणाऱ्याच्या तोंडी तिघांतला गोड आकडा असायचा.

१९९० च्या दशकात युरोपभर एक चाचणी ठरली. गाडी खोलीत, रोलरवर. वीस मिनिटं, अकरा किलोमीटर. खोलीत ना वारा ना चढ, वातानुकूलन बंद. शून्यापासून पन्नासचा वेग गाठायला तब्बल सव्वीस सेकंद. सिग्नलला असा निघालात तर मागचे लोक हॉर्न वाजवून तुम्हाला खाली उतरवतील. आपल्याकडेही पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था चाचण्या घेते. युरोपच्या त्याच चाचणीवरून आपल्या रस्त्यांसाठी बेतलेल्या चाचणीत वेगाची कमाल मर्यादा ताशी ९० ठेवली गेली.

चाचणी ठरलेली असली, की विद्यार्थी अभ्यास सोडून परीक्षेची तयारी करतो. गाड्यांचंही तसंच झालं. आयसीसीटी या संशोधन संस्थेनं लाखो गाड्यांच्या प्रत्यक्ष नोंदी ताडून पाहिल्या. २००१ मध्ये युरोपातल्या मोटारी कागदापेक्षा सुमारे नऊ टक्के जास्त इंधन पीत होत्या. २०१५ पर्यंत हे अंतर चाळीस टक्क्यांच्या वर गेलं. इंजिनं सुधारली हे खरंच, पण कागद त्यांच्याहून फार वेगानं सुधारला.

त्याच २०१५ सालच्या सप्टेंबरात फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण उघडकीला आलं. ते अ‍ॅव्हरेजचं नव्हतं, विषारी वायूंचं होतं, पण मूळ तेच. चाचणी चालू आहे हे ओळखून गाडी सभ्यपणे वागायची आणि रस्त्यावर आली की मोकाट सुटायची. जगभरातल्या एक कोटी दहा लाख गाड्यांत ती लबाडी होती. ती पकडण्याची सुरुवात अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्या चमूनं केली. त्यात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीय वंशाचे संशोधक होते. त्यांनी काय केलं? मोजायचं यंत्र गाडीच्या मागे बांधलं आणि गाडी सरळ रस्त्यावर काढली. लॉस एंजलिसहून सिॲटलपर्यंत आणि परत. शेजारी बसून मोजलं, एवढंच.

कॅम्पर व्हॅनच्या बाबतीत आणखी एक घोळ असतो. पुष्कळदा कागदावरचा आकडा मूळ रिकाम्या व्हॅनचा असतो. नंतर तिच्यात सुतार शिरतो. फळ्या, गाद्या, गॅस, शंभर लिटर पाणी, टपावर सायकली. वजन तीन-साडेतीन टनांवर जातं. त्यात उंच टप. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी नव्वदऐवजी एकशे दहानं गेलात, तर हवा जवळजवळ दीडपट जोरानं छातीवर येते, आणि व्हॅनची छाती मोटारीच्या दुप्पट. म्हणून आजच्या मोठ्या डिझेल कॅम्परसुद्धा रस्त्यावर आठ ते दहाच देतात, लहान व्हॅन अकरा-बारा. चाळीस वर्षांत इंजिनाची ताकद तिप्पट झाली; आकडा मात्र फारसा हलला नाही, कारण माणसानं वाचवलेलं सगळं वजनात आणि वेगात खर्च केलं.

आमच्या प्रवासाचा हिशोब सांगतो. परत हॅनोव्हरला त्याच पंपावर आलो तेव्हा १४१२ किलोमीटर झाले होते. डिझेलला फेस येतो, पंपाचं नळकांडं खटकन बंद पडलं तरी टाकी भरलेली नसते, म्हणून मी भाच्याला फेस बसेपर्यंत थांबायला लावलं. सगळे मिळून १४८ लिटर. भागाकार साडेनऊ. पडद्यावर दिसत होतं सव्वादहा. कागदावर साडेबारा.

भाच्याचा चेहरा पडला. “मामू, टाकी गळते की काय?” मी म्हणालो, आधी टाकीवर संशय, मग ड्रायव्हरवर, हीच रीत आहे. मग आम्ही बसून शोधलं. गाडीत रात्री ऊब देणारा हीटर होता आणि तो त्याच टाकीतलं डिझेल पीत होता. पाच रात्री, आठ-आठ तास, म्हणजे पाच-सहा लिटर तिथेच गेले. गाडी जागची हलली नाही, पण इंधन जळलं. बाकीचं कासेलच्या चढांनी घेतलं, समोरच्या वाऱ्यानं घेतलं आणि भाच्याच्या उजव्या पायानं घेतलं. चोर कोणीच निघाला नाही.

एक हिशोब तिथेच नव्यानं कळला. आपण लिटरला किती किलोमीटर असं विचारतो. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असं विचारतात. आपल्या पद्धतीत एक फसगत आहे. आठाचं अ‍ॅव्हरेज दहा झालं, तर शंभर किलोमीटरला अडीच लिटर वाचतात. अठराचं वीस झालं, तर अर्ध्या लिटरच्या थोडंसं वर. दोन्हीकडे वाढ दोनचीच. म्हणजे खरी बचत जड, म्हाताऱ्या, लादलेल्या गाड्यांत आहे, आणि जाहिराती मात्र हलक्या गाड्यांच्या अठरा-वीसच्या असतात.

आता चांगली बातमीही सांगतो. २०१७ पासून युरोपात नवी, जास्त लांब आणि जास्त वेगाची चाचणी आली. आणि २०२१ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत, प्रत्यक्ष किती इंधन जळलं याची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्या नोंदींचा पहिला अहवाल २०२४ मध्ये युरोपीय आयोगानं प्रसिद्ध केला. नव्या चाचणीनंतरही डिझेल मोटारी कागदापेक्षा सुमारे अठरा टक्के जास्त पितात, असं त्यात निघालं. अंतर मिटलं नाही, पण ते आता कायद्यानं लिहून ठेवलं जातं. म्हणजे अब्बांची लाल वहीच त्यांनी प्रत्येक गाडीत बसवली, असं मला वाटतं.

आपल्याकडे आजही हजारो ड्रायव्हर असे आहेत, ज्यांचा पगार मालकाच्या डोक्यातल्या आकड्यावर ठरतो. ठरल्यापेक्षा जास्त डिझेल लागलं की पैसे कापतात. कोणी खरोखर डिझेल काढत असेलही. मी सगळ्यांची हमी देत नाही. पण कागदावरचा आकडा हा पुरावा नव्हे. घाट विचारा, माल किती ते विचारा, टायरची हवा बघा, टाकी गळ्यापर्यंत भरून पुन्हा गळ्यापर्यंत भरा आणि शेजारी बसा. त्यानंतर काय म्हणायचं ते म्हणा.

हॅनोव्हरहून परतल्यावर मी ती वही उघडली. शेवटच्या नोंदीखाली दोन पानं कोरी होती. तिथे मी तारीख लिहिली, पंपाचं गाव लिहिलं, १४१२, १४८, साडेनऊ. आणि वहीच्या मधल्या त्या पानावर गेलो, जिथे मालकाच्या पुतण्याच्या अक्षरात दहा पूर्णांक आठ लिहिलेलं आहे. त्या आकड्याखाली अब्बांनी पेनानं एक रेघ ओढलेली आहे. साऱ्या वहीत तेवढी एकच रेघ आहे.